धाकटी खाडी

झूटरमेर,
१४ एप्रिल २०२४

पूर्णिमाबाई,

इथून नमस्कार करते. तो मॉरिशसला पोचेपर्यंत दोनतीन आठवडे जातील, पण निघताना तुम्हीच म्हणालात, "फोन नको करूस, पत्र लिही." लिहायला बसल्यावर लक्षात आलं की मराठीत शेवटचं पत्र मी कॉलेजात असताना लिहिलं होतं. तुम्ही आयुष्यभर तिथल्या शाळेत मराठी शिकवलंत, तेव्हा चुका दिसतील त्या खुशाल लाल शाईनं दाखवा.

खरं तर तुमच्याकडे मी येणारच नव्हते. आमची अ‍ॅमस्टरडॅम झुइडासमधली छोटीशी जाहिरात कंपनी तुमच्या पर्यटन खात्याचं नेदरलँड्समधलं काम बघते, म्हणून इथल्या ट्रॅव्हल एजंटांची टोळी घेऊन मी मार्चमध्ये बेटावर आले होते. रोज नवीन हॉटेल आणि रोज तोच निळा स्विमिंग पूल. शेवटी एक दिवस मोकळा मिळाला. कुणीतरी म्हणालं, त्या बाजूला मराठी लोकांचं गाव आहे, देऊळ आहे. बसमधून उतरले, उन्हानं भोवळ आली, आणि देवळाच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही पाणी दिलंत आणि विचारलंत, "तू कुणाची गं?"

बारा वर्षं परदेशात काढली. "कुठली" हे सगळे विचारतात, "कुणाची" हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, देवरुखच्या आठल्यांची. तुम्ही सांगितलंत, तुमच्या यजमानांचे पूर्वज रत्नागिरीच्या बाजूनं ऊस तोडायला आले, त्यांचं नाव सखाराम, आणि बंदरावरच्या कारकुनानं ते आडनाव म्हणून लिहून घेतलं. त्या गप्पांत माझी परतीची बस गेली. हॉटेलातली खोली रिकामी राहिली आणि मी तुमच्या ओटीवर झोपले.

आता कामाचं. तुमच्या सरकारला यंदा जाहिरातीत किनारे नको आहेत. किनारे सगळ्याच बेटांना असतात, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांनी हॉटेलच्या भिंतीआड आठवडा काढून परत जाऊ नये, गावात यावं, गावात जेवावं, म्हणून त्यांना माणसांचे चेहरे हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घरामागच्या खाडीवर नेलंत, आठवतं? साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिलात आणि माझ्या कुठल्याशा बोलण्यावर इतक्या मनापासून हसलात की मी पटकन फोटो काढला. तो आमच्या ऑफिसात सगळ्यांना फार आवडला. तुमची परवानगी असेल तर तो मोठा करून स्टेशनांवर आणि स्किपोल विमानतळावर लावायचा विचार आहे. नको वाटलं तर तसं सांगा. मला मुळीच राग येणार नाही.

तुमच्या हातची आमटी अजून जिभेवर आहे.

नीलांबरी

•

६ मे २०२४

चि. नीलांबरी,

तुझे पत्र पोस्टमनने माझ्या हातात दिले. वीज आणि पाण्याच्या बिलांखेरीज त्याने मला बऱ्याच वर्षांत काही दिले नव्हते, म्हणून तो फाटकापाशी घुटमळत राहिला. मी त्याला पहिले पान वाचून दाखवले. त्याला मराठी येत नाही. तरी त्याने ऐकून घेतले.

तुझे अक्षर वाईट नाही, घाईत आहे. चूक एकच काढते. टोळी चोरांची असते, पाहुण्यांचा गट असतो. तुझे ते एजंट मी पाहिलेले नाहीत, तेव्हा तुला ठाऊक.

फोन नको म्हटले त्याचे कारण सांगते. बोलताना माझ्या तोंडात आधी इथली बोली, क्रिओल येते, मग फ्रेंच, आणि मराठी सर्वांत शेवटी धापा टाकीत येते. कागदावर मला तिची वाट पाहता येते. तू माझ्याकडे होतीस तेव्हा मी पुष्कळ हसले आणि थोडेच बोलले, ते त्यामुळे.

फोटोला माझी परवानगी आहे. आनंदाने आहे. बासष्टाव्या वर्षी विमानतळावर लागण्याचा मान किती शिक्षिकांना मिळतो? फक्त काही गोष्टी विचारायच्या आहेत. तो स्किपोलला नक्की लागेल ना? केवळ परदेशी जाणाऱ्यांना दिसेल, की रोज कामावर जाणाऱ्या माणसांनाही? हूफडॉर्प नावाचे एक गाव तिकडे आहे, तिथून आगगाडीने येणारी माणसे त्या ठिकाणाहून जातात का? आणि खाली तुमच्या जाहिरातीच्या भाषेत काय लिहिणार, तेही कळव. मॉरिशस सरकारचे नाव त्यावर असेल ना?

एक विनंती आहे. माझे पाय कापू नका. चेहरा लहान झाला तरी चालेल, पण पाण्यासकट सगळे चित्र दिसू दे.

तुझ्या यजमानांना, श्रीनिवासला, आणि मुलीला आशीर्वाद. तू इथे होतीस तेव्हा मुलीचे नाव सांगायचे राहिले.

पूर्णिमा सखाराम

•

झूटरमेर,
२ जून २०२४

बाई,

मुलीचं नाव आसावरी. नऊ वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते, आणि श्रीनिवास दोघींच्या मध्ये इंग्रजीत बोलतो. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पोस्टमनचं ऐकून ती हसली, म्हणजे कळलं असणार.

फोटोची बातमी चांगली आहे. तुमच्या खात्यातले रवींद्र म्हणून अधिकारी आहेत, त्यांच्या माणसांनी सगळ्या चेहऱ्यांची पहिली यादी मान्य केली. तुमचा फोटो त्यात सगळ्यात वर. सप्टेंबरच्या मध्यावर लागेल, कारण इथले लोक हिवाळ्याच्या सुट्टीचं तेव्हा ठरवतात. स्किपोलच्या स्टेशनात, खाली फलाटाकडे उतरताना समोरच. खाली मॉरिशसच्या पर्यटन खात्याचं नाव आणि चिन्ह असेल.

हूफडॉर्पचं वाचून मला गंमत वाटली. नकाशा उघडून बसला होतात वाटतं. ते स्किपोलच्या शेजारचंच स्टेशन. अ‍ॅमस्टरडॅमकडे जाणाऱ्या गाड्या तिथून निघून स्किपोलवरूनच जातात. पण तिथं बघण्यासारखं खास काही नाही. ऑफिसं आणि नवीन घरं. कधी आलात तर मी तुम्हाला त्याहून चांगल्या जागा दाखवीन.

पायांवरून मात्र आमच्या डिझायनरशी भांडावं लागलं. त्याला नुसता चेहरा हवा होता. मी म्हटलं, बाईंची तेवढी एकच अट आहे. शेवटी त्यानं ऐकलं. पाय पाण्यात असणं तुमच्याकडे शुभ मानत असतील, असा मी अंदाज केला. बरोबर ना?

लागला की तिथं उभी राहून फोटोचा फोटो काढीन आणि पाठवीन.

नीलांबरी

•

झूटरमेर,
८ सप्टेंबर २०२४

बाई,

हे पत्र लिहायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. तुमचा फोटो लागणार नाही.

काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की माझ्याकडून हयगय झाली. छपाईला जाण्याआधीची शेवटची मीटिंग होती. रवींद्र स्वतः इथे आले होते. पडद्यावर तुमचा फोटो आला आणि ते पुढे झुकले. म्हणाले, "हा कुठे काढलाय?"

मी सांगितलं, अमुक गावाच्या मागची खाडी.

"मग हा लावता येणार नाही."

मी म्हटलं, खाडीचं नाव तर कुठेच नाही. त्यावर ते म्हणाले, "मागचा डोंगर आहे ना. लोक दोन दिवसांत जागा शोधून काढतात. मग बोटी येतात. ती खाडी बोटींना बंद आहे. बंद ठेवलेल्या पाण्याचं चित्र कुठल्याही जाहिरातीत वापरायचं नाही, असा आमचा नियम आहे."

मी भांडले, बाई. म्हटलं, तुम्हाला माणसं हवी होती, ही बेटावरची सगळ्यात छान हसणारी बाई आहे, आणि तुम्ही एका डोंगरासाठी तिला काढताय. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हा नियम आमच्या एका सहकारी बाईंनी घातला. तेव्हा मीच विरोध केला होता. जाहिरात करणं हेच आपलं काम, आणि ही सांगते चांगली जागा लपवा, हे मला पटत नव्हतं. तिचंच बरोबर होतं. आज त्या खाडीत जिवंत प्रवाळ आहे ते या नियमामुळे. आता खात्यात नवीन माणूस आला की मी त्याला आधी तिची गोष्ट सांगतो."

मी विचारलं, कोण त्या? ते म्हणाले, "सखाराम. उत्तरा सखाराम. आता तुमच्याच देशात असतात."

फोटोतल्या बाईंचं आडनावही सखाराम आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या यादीत नुसतं पूर्णिमा लिहिलेलं. मीही काही बोलले नाही. घरी येताना गाडीत तुमचं मे महिन्याचं पत्र आठवत राहिले. तुम्ही हूफडॉर्पबद्दल का विचारलं होतंत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बाई, उत्तरा तुमची कोण?

नीलांबरी

•

२९ सप्टेंबर २०२४

चि. नीलांबरी,

उत्तरा माझी मुलगी. एकुलती एक.

तुझ्यापासून लपवले असे नाही. सांगायला सुरुवात कुठून करावी हे कळत नव्हते. आता तूच सुरुवात करून दिलीस, तर सांगते.

माझे यजमान मोरेश्वर. गावात त्यांना सगळे मोरेस म्हणत. त्यांची होडी होती, तळाला काच बसवलेली. पाहुण्यांना बसवून ते घरामागच्या खाडीत नेत आणि काचेतून प्रवाळ दाखवीत. त्या खाडीला कागदावर फ्रेंच नाव आहे, पण आमच्या घरात ती धाकटी खाडी. उत्तरा त्या होडीतच मोठी झाली. पोटावर पालथी पडून काचेला नाक लावून बसायची. पुढे समुद्राचेच शिकली आणि पर्यटन खात्यात लागली. कोणत्या खाडीत किती बोटी सोडायच्या, हॉटेलांनी धक्का कुठे बांधायचा, कोणत्या पाण्याला विश्रांती द्यायची, हे पाहण्याचे तिचे काम.

तोवर आमच्या खाडीत बोटी फार झाल्या होत्या. प्रत्येक जण नांगर टाकी आणि प्रवाळ मोडे. काचेतून पाहिले तर खाली राखेसारखे पांढरे दिसे. उत्तराने खाडी बंद करण्याचा प्रस्ताव दिला आणि तो मंजूर झाला. बेटावर इतक्या खाड्या असताना पहिली बंद झाली ती तिच्या बापाची.

गावात सभा झाली. कोणी म्हणाले, हिने बापाच्या पोटावर पाय दिला. मोरेश्वर तिथे बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. तिला तेच लागले. लोक बोलले ते तिने सोसले, बाप गप्प राहिला ते सोसवले नाही. घरी दोघे एका ताटाला बसेनात. पुढच्या वर्षी ती तुमच्या देशात शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि हूफडॉर्पला राहू लागली.

फोन येतो. दिवाळीला, नव्या वर्षाला, माझ्या वाढदिवसाला. ती पाऊस विचारते, मी थंडी विचारते.

आता तिला ठाऊक नसलेले सांगते. ती गेल्यावर मोरेश्वरांनी दुसऱ्या किनाऱ्यावर होडी लावली, पण रोज सकाळी ते धाकट्या खाडीवर जाऊ लागले. तोंडाशी एक सपाट काळा खडक आहे, त्यावर बसत. बाहेरची बोट आत वळताना दिसली की उभे राहून हात हलवीत, ओरडून परत पाठवीत. हॉटेलच्या एका नावाड्याने त्यांना विचारले, "हुकूम कोणाचा?" मोरेश्वर म्हणाले, "माझ्या पोरीचा." हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. मी डबा घेऊन गेले होते. मी म्हटले, हे तिला फोनवर सांगा. ते म्हणाले, येईल तेव्हा सांगीन.

ते गेले तेव्हा बेट बंद होते. त्या साथीच्या काळात आमच्या सरकारने विमाने थांबवली होती, आत कोणी येऊ शकत नव्हते. तिचा दोष नाही. कोणाचाच नाही. पण विमाने सुरू झाल्यावरही ती आली नाही. तिला वाटते बाप रागात गेला. मी सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "ममा, मला बरे वाटावे म्हणून सांगू नकोस." आणि फोन ठेवला.

तू फोटो काढलास त्या सकाळी तू काय बोललीस ते मला आठवत नाही. मी हसले ते माशांमुळे. पिल्ले पायांना टोचत होती. इतक्या वर्षांत ती काठापर्यंत आली नव्हती. फोटोत नीट पाहिलेस तर माझ्या घोट्यांपाशी दिसतील.

तुला वाटेल, मग तो फोटो मुलीला फोनवरच का पाठवला नाही? पाठवला असता तर ते आईचे समजावणे झाले असते. खात्याने तिला कधी वाईट म्हटले नाही, पण चांगलेही म्हटले नव्हते. सरकारने आपल्या नावानिशी ते पाणी तिच्या स्टेशनात लावले असते, तर ती खरी साक्ष झाली असती.

असो. नियम तिचाच आहे. मोडून कसे चालेल?

तुला मी काही करायला सांगत नाही.

पूर्णिमा

•

झूटरमेर,
१० नोव्हेंबर २०२४

बाई,

तुम्ही सांगितलं नव्हतंत, तरी मी केलं. रागावणार असाल तर रागवा.

रवींद्रना मी फोटोतल्या बाई कोण ते सांगितलं आणि उत्तराचा पत्ता मागितला. ते म्हणाले, "आधी तिला विचारतो." त्यांनी विचारलं, तिनं हो म्हटलं, आणि गेल्या गुरुवारी कामावरून सुटल्यावर मी गाडीनं हूफडॉर्पला गेले. स्टेशनजवळच्या एका कॅफेत भेटलो. ती सायकलवरून आली. हेल्मेट नाही, टोपी नाही, केस भिजलेले. तुमची हनुवटी आहे तिला. मी मराठीत बोलत होते, ती इंग्रजीत उत्तरं देत होती. मला त्याची सवय आहे.

सुरुवातीला ती फार सावध होती. म्हणाली, "आईनं पाठवलंय का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही, त्यांना माहीतही नाही. मग फोनवर तुमचा फोटो काढून तिच्यापुढे ठेवला.

बाई, तिनं तुमचा चेहरा बघितला आणि लगेच नजर खाली नेली. दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. तुमच्या पायांपाशी थांबली. मग हळूच म्हणाली, "ही पिल्लं आहेत."

मी म्हटलं, "धाकट्या खाडीतली."

तिनं एकदम वर बघितलं. "हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?" आणि हे ती मराठीत बोलली. तिचं तिलाही कळलं नसावं.

मग मी तिला आपल्या पत्रव्यवहाराबद्दल आणि मीटिंगची सगळी हकीकत सांगितली. हा फोटो लागणार होता, पसंत झाला होता, आणि तिच्या नियमामुळे काढला गेला. रवींद्र काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द सांगितलं. तिनं मला मध्येच थांबवलं.

"सगळ्यांसमोर म्हणाला? माझं बरोबर होतं, असं?"

"सगळ्यांसमोर."

"त्याचा विरोध होता तेव्हा."

"तेही त्यांनी सांगितलं. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला ते आधी तुझी गोष्ट सांगतात."

ती खिडकीबाहेर बघत बसली. कॉफी निवली. मला वाटलं होतं ती रडेल, पण ती रडली नाही. मग तिनं विचारलं, "आईनं आणखी काही लिहिलंय?"

इथे मी काय करावं, हे मी गाडीत ठरवून आले होते. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. म्हटलं, "लिहिलंय. तुझ्या बाबांबद्दल आहे. पण ते मी सांगणार नाही. ते तू तिथं जाऊन त्यांच्या तोंडून ऐकायला हवंस."

तिला ते आवडलं नाही. "म्हणजे ही पण जाहिरातच," असं म्हणाली, आभार मानले, टोपी नसलेल्या डोक्यानं पावसात सायकल काढली आणि गेली. त्यानंतर मी दोन मेसेज पाठवले. उत्तर नाही.

सांगून टाकायला हवं होतं का? श्रीनिवास म्हणतो, तू मध्ये पडायलाच नको होतंस. त्याचं बरोबर असेल. पण ती फोटो मोठा करत होती तेव्हाचे तिचे हात तुम्ही बघायला हवे होतेत. काच पुसावी तशी ती बोटं फिरवत होती.

माझ्याकडून काही बिघडलं असेल तर मला माफ करा.

नीलांबरी

•

२६ जानेवारी २०२५

चि. नीलांबरी,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण घरात माणूस होते.

नाताळच्या आधी एका दुपारी मी मागल्या दारी लिचीच्या झाडाला जाळे बांधीत होते. फाटक वाजले. मला वाटले पोस्टमन. मी शिडीवरूनच म्हटले, ठेवून जा. कोणी जाईना. वळून पाहिले तर उत्तरा. तुमच्याकडचा जाड कोट घातलेली मुलगी आमच्या उन्हात उभी. मी म्हटले, "कोट काढ आधी." इतक्या वर्षांनी पहिले वाक्य हे. तिने कोट काढला, शिडी धरली आणि म्हणाली, "खाली उतर, मी बांधते."

काही दिवस आम्ही त्या विषयाला हात लावला नाही. ती झोपायची, जेवायची, मी तिच्या ताटाकडे पाहायची. मला घाई नव्हती. मग एका सकाळी तिनेच चपला घातल्या आणि म्हणाली, "चल, खाडी दाखव."

आम्ही काठावर उभ्या राहिलो आणि मी तिला सांगितले. क्रिओलमध्येच सांगितले, जसे त्यांनी म्हटले तसेच. नावाड्याने काय विचारले आणि त्यांनी काय उत्तर दिले. वाटले होते, पुन्हा म्हणेल, ममा, बरे वाटावे म्हणून सांगू नकोस. ती तसे म्हणाली नाही. एवढेच विचारले, "कुठल्या खडकावर?"

मी बोट दाखवले. ती पाण्यातून चालत गेली आणि तिथे बसली, तोंड बाहेर समुद्राकडे करून. मी मागून तिची पाठ पाहत होते. भरतीचे पाणी खडकावर चढू लागले तरी उठली नाही. तेव्हा मी गेले आणि शेजारी बसले. माझी साडी भिजली. तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि मग ती रडली. पुष्कळ रडली. मी थांबवले नाही. त्यांच्या वेळचे रडायचे राहिले होते.

तू विचारलेस, तू सांगून टाकायला हवे होतेस का. नाही, मुली. तू फार बरे केलेस.

आता दुसरी गोष्ट. खाडी बंद ठेवण्याची मुदत या वर्षी संपते. खात्याने गावाचे मत विचारण्यासाठी गेल्या आठवड्यात सभा बोलावली. रवींद्रही आले होते. उत्तराला यायचे नव्हते. मी म्हटले, मला अंधारात परत यायला सोबत लागेल. आम्ही मागच्या रांगेत बसलो. पुढे सगळी तीच माणसे, थोडी म्हातारी झालेली. तिने मान वर केली नाही. माझा हात तेवढा धरून ठेवला होता.

अधिकाऱ्यांनी नकाशे दाखवले, हॉटेलवाल्यांचे म्हणणे वाचून दाखवले. मग यतीन उभा राहिला. तेव्हाच्या सभेत सर्वांत मोठ्याने बोलणारा तोच होता. त्याची बोट अजून आहे, तो पाहुण्यांना प्रवाळाच्या कड्याबाहेर, खोल समुद्रात मासेमारीला नेतो. म्हणाला, "मी तेव्हा वाईट बोललो होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आता कड्याबाहेर मासा मिळतो, तो या खाडीत वाढतो म्हणून मिळतो. उघडली तर एका हंगामात संपेल. माझे म्हणणे, बंदच ठेवा." तो मागे वळला नाही. उत्तरा तिथे आहे हे त्याला ठाऊक असावे, कारण बोलताना त्याची मान लाल झाली होती.

रवींद्रांनी विचारले, बंद ठेवावी असे किती जणांना वाटते? हात वर होऊ लागले. आधी यतीनचा, मग बायकांचे, मग पुढच्या सगळ्या रांगा. मी माझा केला. उत्तरा पाहत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, मी करू का? मी इथे राहत नाही."

शाळेतली मुले बाहेर जाण्याची परवानगी मागतात, तसे तिने ते मराठीत विचारले. मी म्हटले, कर.

तिने हात वर केला. तोवर पुढे मोजून झाले होते, अधिकारी कागद गोळा करीत होते, लोक खुर्च्या सरकवून उठत होते. तरी तिने तो खाली घेतला नाही.

पूर्णिमा